कलिंगड कापायची वेळ

अरे,

तुझा मेल शुक्रवारी रात्री पावणेबाराला आला. त्या वेळी ऑफिसच्या काळजीचा मेल लिहिणारा माणूस झोपेतही नसतो आणि पुरता शुद्धीवरही नसतो, म्हणून मुद्दाम दोन दिवस थांबले. तू तीन गोष्टी विचारल्यास: पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाचं ते सर्टिफिकेट, आत्ता करू का, नोकरी बदलू का, आणि टीममधली दोन माणसं कमी करायला सांगितली आहेत, त्याचं काय करू. तिसरी गोष्ट तू शेवटच्या ओळीत उरकलीस. झोप तिनेच उडवली आहे, हे मला न सांगताही कळतं.

आधी सोपं संपवते. पीएमपी कर. चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रकल्प चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं. तुझ्याकडे अनुभव आहे, प्रशिक्षण दोन-तीन शनिवार-रविवारांत होईल. पण फी भरण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला आहेत का ते बघ. सर्टिफिकेटमुळे तुझा बायोडेटा चाळणीतून वर येतो, एवढंच. २००९ साली माझ्या मजल्यावर ज्यांना नारळ मिळाला, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या मेलखाली नावापुढे ती तीन अक्षरं होती.

त्या वर्षाबद्दल तुला कधी नीट सांगितलं नाही. लेहमन ब्रदर्स बुडाली ती १५ सप्टेंबर २००८ ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, मिरवणुकीचं जागरण डोळ्यांवर होतं आणि हिंजवडीत निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुणाला काही वाटलं नाही. अमेरिकेतली बँक बुडाली, आपल्याला काय? आमचा क्लायंट अमेरिकेत घरकर्जं देणारा होता, तरीही मी चहा पीत बसले होते. ७ जानेवारीला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांचं, हिशेबात घोटाळा केल्याचं कबुलीचं पत्र बाहेर आलं, तेव्हा मात्र कँटीनमध्ये कुणी मोठ्याने बोलेना.

माझा प्रकल्प बावीस जणांचा होता. दर शुक्रवारी मी स्टेटस रिपोर्ट पाठवायचे, आणि तो दर शुक्रवारी हिरवा असायचा, म्हणजे सगळं वेळेवर. खरं म्हणजे जुन्या सिस्टीममधला डेटा नव्यात आणायचं काम सहा आठवडे मागे पडलं होतं. मला वाटायचं, बाजार असा, त्यात आपण उशिराची बातमी दिली तर प्रकल्पच बंद करतील. रात्री जागून भरून काढू. आमच्याकडे अशा प्रकल्पाला कलिंगड म्हणतात, बाहेरून हिरवं आणि आत लालभडक. फेब्रुवारीत क्लायंटच्या फायनान्सकडून नवा माणूस कॉलवर आला. त्याने दोनच प्रश्न विचारले: काय उरलंय, आणि त्याला किती पैसे लागतील? मला दोन्हींची उत्तरं देता आली नाहीत. मी म्हणाले, सोमवारी कळवते. सोमवारपर्यंत त्याने ठरवून टाकलं होतं. तीन आठवड्यांत प्रकल्प गुंडाळला, चौदा जण बेंचवर गेले, म्हणजे पगार चालू पण हाताला काम नाही, आणि जूनपर्यंत त्यांतले नऊ कंपनीत नव्हते.

शेजारच्या टीममधली मैत्रीण माझ्याइतकीच उशिरात होती. तिने नोव्हेंबरातच क्लायंटला लिहून कळवलं होतं की आम्ही पाच आठवडे मागे आहोत, हे तीन स्क्रीन सोडून दिले तर बाकीचं मार्चमध्ये देतो, नाहीतर इतके जादा पैसे लागतील. तिची टीम निम्मी झाली, पण प्रकल्प टिकला. तिच्या क्लायंटकडे पैसे होते हेही खरं. माझा क्लायंट खरं सांगूनही कदाचित बंदच करता. पण मग माझ्या बावीस जणांना तीन आठवड्यांऐवजी तीन महिने मिळाले असते, नोकरी शोधायला. हा हिशेब मला अजून सुटत नाही.

म्हणून तुझ्या प्रकल्पाचं कलिंगड आज कापून बघ. तुझ्या डॅशबोर्डवर हिरव्याशिवाय काही दिसलं नाही, हे मी मागच्या महिन्यातच पाहिलंय. वाईट बातमी एकटी पाठवू नकोस, तिच्याबरोबर आकडा आणि दोन वाटा पाठव. वरचा माणूस ओरडेल. ओरडू दे.

आणि पैसे शिक. पाच वर्षं झाली तुला, तरी तुझ्या टीममधल्या एका माणसाचं महिन्याचं बिलिंग, म्हणजे क्लायंटला त्याचे लावलेले पैसे, किती, कंपनीला तो पडतो कितीला, आणि क्लायंटकडे ते पैसे कुठल्या खात्यातून येतात हे तू सांगू शकत नाहीस. तंगी आली की आधी थांबतात ती हौशी कामं, म्हणजे नवी ॲप, नवे पोर्टल, 'डिजिटल' नावाचं जे काही असेल ते. नियामकाने तारीख घालून दिलेलं काम सहसा थांबत नाही, आणि रोजचा धंदा ज्यावर चालतो त्या सिस्टीमची देखभालही नाही. तुझं काम कुठल्या ढिगात आहे? ते कळलं की नोकरी बदलायची का, याचं निम्मं उत्तर मिळेल.

तू चिपळूणचा, गणपतीला कोकण रेल्वेने जातोस, म्हणून थोडं विषयांतर करते. कोकण रेल्वे महामंडळ जुलै १९९० मध्ये स्थापन झालं. वर्षभरात देशावर सोनं परदेशात गहाण टाकायची पाळी आली. अशा वेळी ७४० किलोमीटरच्या आसपास लांबीचा, नव्वदच्या वर बोगद्यांचा मार्ग बांधायचा होता. भांडवलात रेल्वेबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ होते, पण उरलेल्या पैशांसाठी बाजारात रोखे विकावे लागले. रोखे म्हणजे व्याज. काम एक दिवस रखडलं की एका दिवसाचं व्याज चढलं. रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन हे काम बघत होते. त्यांनी कामाच्या ठिकाणी उलटी चालणारी घड्याळं लावली, उरलेले दिवस दाखवणारी. मार्गाचे सुमारे शंभर-शंभर किलोमीटरचे सात तुकडे केले आणि प्रत्येकावर एक मुख्य अभियंता नेमला.

यातली शौर्यकथा तू भाषणांत ऐकली असशील. मला त्यातला उशीर जास्त उपयोगाचा वाटतो. काम ठरल्या वेळेत झालं नाही. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं आणि तिथलं काम थांबलं. खडक फोडायला स्वीडनहून यंत्रं आणली होती, पण पेडण्याच्या बोगद्यात लागली मऊ, पाझरणारी माती, जी पुन्हा पुन्हा ढासळायची. तिथे यंत्रं बाजूला ठेवून हातांनी खणावं लागलं. पण यासाठी सगळा मार्ग अडवून धरला नाही. मंगळूर ते उडुपी गाडी मार्च १९९३ मध्येच धावायला लागली आणि पुढचे टप्पे तयार होतील तसे उघडत गेले. अखंड मार्ग झाला तो २६ जानेवारी १९९८ ला. पैसे देणाऱ्याला मधेच धावणारी गाडी दिसली पाहिजे, हे मी त्यातून घेतलं. तुझ्या प्रकल्पात पुढच्या सहा आठवड्यांत वापरता येईल असं काय आहे? ते आधी दे.

आता दोन माणसांचं.

तुला 'दोन माणसं' असं सांगितलं असलं, तरी वर कुणाच्या तरी एक्सेलमध्ये तो रकमेचा आकडा आहे. उद्या तोच विचार: किती वाचवायचे आहेत आणि कधीपर्यंत? मग शोधायला लाग. शनिवार-रविवारी कुणी वापरत नसलेले टेस्टिंगचे सर्व्हर चालू असतील, न वापरलेली लायसन्स असतील, सहा महिने न भरलेली एक जागा अजून बजेटमध्ये धरलेली असेल. एक माणूस वाचण्याइतकं निघालं तरी खूप झालं. काही वेळा काहीच निघत नाही, आणि तेव्हा तुला नावं द्यावी लागतील.

नावं देताना स्वतःकडे नीट लक्ष ठेव. अशा वेळी हात आपोआप कुणाकडे जातो ते मी पाहिलंय. बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली, कॉलवर इंग्रजी अडखळणारा, खाली टपरीवर आपल्याबरोबर कधीच न येणारा. यादी मनात तयार झाली की एक रात्र जाऊ दे आणि सकाळी कामाच्या बाजूने पुन्हा बघ: कुठलं काम थांबणार आहे, आणि ते कोण करतंय?

सांगायला तू स्वतः जा. एचआरच्या मेलवर सोडू नकोस, शुक्रवारी संध्याकाळीही नको. खोली घे, दार लाव, पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाक. 'मला किती वाईट वाटतंय' हे मात्र बोलू नकोस, नाहीतर ज्याची नोकरी गेली त्यालाच तुझं सांत्वन करावं लागतं. मी ते केलंय. एका मुलीने मला पाणी आणून दिलं होतं, जिला मी दोन मिनिटांपूर्वी काढलं होतं. राजीनाम्यावर तिथल्या तिथे सही करू नका, कागद घरी नेऊन वाचा, हे त्यांना सांग. नोटीस पीरियड, उरलेल्या रजांचे पैसे आणि अनुभवाचा दाखला लेखी घ्यायला लाव. मग तुझ्या ओळखीतल्या पाच जणांना त्यांच्यासाठी स्वतः फोन कर. फॉरवर्ड नको, फोन.

त्याच दिवशी उरलेल्या पाच जणांना घेऊन बस आणि कुठली कामं आता होणार नाहीत ते फळ्यावर लिही. सात जणांचं काम पाच जणांवर टाकून त्याला नेतृत्व म्हणणारे खूप भेटतील तुला. असा मॅनेजर पुढच्या वर्षी बाजार उघडला की टीमशिवाय उरतो, आणि मग एचआरला विचारतो, लोक का सोडून जातात म्हणून.

नोकरी तू आत्ता बदलू नयेस असं मला वाटतं, निदान त्या दोघांचं नीट होईपर्यंत. बायोडेटा मात्र आजच अद्ययावत कर. यात मला विसंगती दिसत नाही.

बुधवारी दोघांशी बोलणार म्हणालास ना? झालं की फोन कर. नवानंतर कर, त्याआधी आईच्या औषधांची गडबड असते. आणि त्या टेस्टिंगच्या सर्व्हरचं बिल बुधवारच्या आत मागवून ठेव, आपण दोघं बसून बघू.

तुझी,
ताई