रिपीटरवर खरखर येते आणि तो कधीकधी अडकून राहतो, दोष शोधायला सुरुवात कुठून करावी?

तुमच्या वर्णनावरून रिपीटर (एका फ्रीक्वेन्सीवर ऐकून तेच दुसरीवर परत पाठवणारं रेडिओ स्टेशन) दोन मीटर बँडवरचा आहे, इनपुट १४५.०००, आउटपुट १४५.६०० मेगाहर्ट्झ. जवळचे लोक स्वच्छ येतात, लांबचे खरखरत तुटतात आणि अधूनमधून कोणी बोलत नसतानाही रिपीटर खाली बसत नाही, म्हणजे पाठवणं थांबवत नाही. हे दोन वेगळे दोष असण्याची शक्यता जास्त, म्हणून एकेक घेऊ. तोवर डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावरून एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं जमवणाऱ्या फिल्टरच्या) स्क्रूंना हात लावू नका. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि धड असलेली वस्तूही बिघडवून बसतात.

आधी खरखर. कंट्रोलरवरून पीटीटी (ट्रान्समीटर चालू करणारी तार) तोडा, रिसीव्हरला स्पीकर लावा आणि लांबच्या एखाद्या स्टेशनला बोलत राहायला सांगा. ट्रान्समीटर बंद असताना आवाज स्वच्छ आणि चालू करताच खरखर, असं झालं तर दोष तुमच्याच घरचा. आपल्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बधिर होणं, याला डीसेन्स म्हणतात. बंद असतानाही खरखर तशीच राहिली तर ती बाहेरून येतेय. मग साइटचा मेन स्विच पाडून बॅटरीवर ऐका, नंतर एकेक उपकरण चालू करत जा. एलईडी दिवे, स्विचिंग पॉवर सप्लाय आणि सोलर चार्ज कंट्रोलर हे नेहमीचे गुन्हेगार.

डीसेन्स आहे असं ठरलं की तो कानाने नाही, आकड्यात मोजा. डुप्लेक्सर आणि रिसीव्हर यांच्या मधे आयसो-टी लावा, म्हणजे मधली पिन आखूड केलेला टी कनेक्टर, त्यातून सिग्नल अगदी थोडाच आत शिरतो. डुप्लेक्सरच्या अँटेना पोर्टला डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद गिळणारा रेझिस्टर) जोडा. आयसो-टीमधून सिग्नल जनरेटरने १२ डीबी सिनॅड (आवाज खरखरीच्या किती वर आहे त्याचं माप) मिळेल एवढा सिग्नल द्या, मग ट्रान्समीटर दाबा आणि तेवढंच सिनॅड परत मिळवायला सिग्नल किती डीबी वाढवावा लागतो ते लिहून ठेवा. एखादा डीबी असेल तर विसरून जा. आता डमी लोड काढून अँटेना जोडा आणि तेच पुन्हा करा.

डमी लोडवर ठीक आणि अँटेनावर बिघाड, तर डुप्लेक्सर निर्दोष. शोध वरच्या केबलमधे, कनेक्टरमधे, अँटेनात किंवा टॉवरवरच्या गंजलेल्या बोल्टमधे घ्यायचा. पाऊस पडून गेल्यावर वाढतं की वारा सुटल्यावर, हेही नोंदवा: पहिल्यात बहुधा कनेक्टरमधलं पाणी, दुसऱ्यात ढिला सांधा. ट्रान्समीटर चालू आणि कमकुवत सिग्नल आत, अशा स्थितीत खालच्या प्रत्येक जोडावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने हलकेच टकटक करा. ज्या जोडाला खरखर उडेल, तो बदला. ॲल्युमिनियम फॉइलवर टिनचा मुलामा दिलेल्या तांब्याची जाळी असलेली केबल (एलएमआर-४०० त्यातलीच) साध्या स्टेशनला उत्तम, पण एकाच केबलवरून पाठवायचं आणि ऐकायचंही असेल तर फॉइल आणि जाळी एकमेकांवर घासून आवाज करू लागतात. खोलीच्या आत चांदीचा मुलामा दिलेल्या दुहेरी जाळीची आरजी-२१४ किंवा आरजी-४००, टॉवरवर हार्डलाइन (अखंड धातूच्या नळीची केबल), आणि अडॅप्टर शक्यतो शून्य.

डमी लोडवरही डीसेन्स असेल, तर ट्रान्समीटरचा नॉइज इनपुटवर सांडतोय की त्याची ताकद रिसीव्हरला दाबतेय? ट्रान्समीटरच्या वाटेत जादा बँडपास कॅव्हिटी (ठरलेलीच फ्रीक्वेन्सी जाऊ देणारा डब्यासारखा फिल्टर) घालून सुधारलं तर पहिलं, रिसीव्हरच्या वाटेत घालून सुधारलं तर दुसरं. डुप्लेक्सर जुळवायचाच झाला तर एकेक कॅव्हिटी वेगळी काढून जुळवा. स्वस्त व्हीएनएला (फिल्टर मोजायच्या उपकरणाला) पुऱ्या डुप्लेक्सरचा ९०-१०० डीबीचा खड्डा, म्हणजे नको ती फ्रीक्वेन्सी किती अडते ते, दिसतच नाही. त्याला त्याचाच नॉइज दिसतो आणि आपण उगाच त्यावर विश्वास ठेवतो.

आता अडकून राहण्याचं. साइटवर किंवा जवळपास कोणाकोणाचे ट्रान्समीटर आहेत त्यांची यादी काढा आणि त्यांचा सिग्नल तुमच्या सिग्नलमधे मिसळून तुमच्या इनपुटवर तिसराच सिग्नल तयार होतो का, याचं गणित करा. कोणी १४६.२०० वर असेल तर १४५.६०० ची दुप्पट २९१.२००, त्यातून १४६.२०० वजा केले की १४५.०००, म्हणजे थेट तुमचं इनपुट! दोन्ही चालू असेपर्यंत रिपीटर स्वतःलाच धरून ठेवतो आणि शेजारी थांबला की खाली बसतो. आपलाच आवाज विद्रूप होऊन त्यात फिरतो, कारण या मिश्रणात आपलं डेव्हिएशन (आवाजाने फ्रीक्वेन्सी जेवढी सरकते ते) दुप्पट होतं. आउटपुटवर इनपुटचाच टोन (रिपीटर उघडायला सिग्नलसोबत पाठवलेला सूर) जात असेल तर तोही तसाच परत येतो, म्हणून टोन स्क्वेल्च, म्हणजे तो सूर असेल तरच रिसीव्हर उघडणं, इथे उपयोगाचा नाही. आउटपुटचा टोन बंद करा किंवा वेगळा ठेवा. पण त्याने रिपीटर अडकायचा थांबतो एवढंच, मिश्रण तिथेच असतं आणि लांबच्यांना दाबतच राहतं.

ते कुठे बनतं हे कळायला रिसीव्हरच्या वाटेत ६ डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा भाग) घाला. नकोसा सिग्नल सुमारे १८ डीबीने पडला तर तो रिसीव्हरच्या आतच तयार होतोय आणि पुढे कॅव्हिटी हवी. फक्त ६ ने पडला तर तो बाहेर बनतोय, एकतर गंजलेल्या सांध्यात, नाहीतर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या शेवटच्या ॲम्प्लिफायरमधे. ॲम्प्लिफायरवर इलाज म्हणजे त्याच्या आउटपुटला आयसोलेटर (सिग्नल एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), आणि त्यानंतर लगेच लो-पास फिल्टर, कारण आयसोलेटरमधलं फेराइट स्वतःच हार्मोनिक्स (मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट असे सिग्नल) तयार करतं.