‘टप्पा विलगीकरण’ की ‘थेंब धरणे’?

प्रश्न असा आहे : कर्करोगावरच्या लेखाचे भाषांतर करताना पेशीतल्या ‘लिक्विड-लाइक फेज सेपरेशन’साठी (म्हणजे काही प्रथिने आपोआप वेगळी होऊन त्यांचे द्रवासारखे थेंब बनण्यासाठी) ‘द्रवरूप टप्पा विलगीकरण’ असे लिहिले, ते चालेल का?

माझ्या मते चालणार नाही. आधी ‘टप्पा’ काढा. कर्करोगाच्या लेखात टप्पा म्हटले की आजार किती पसरला आहे, हेच वाचकाच्या मनात येणार. ‘अवस्था’ची तीच गत. इथला ‘फेज’ पदार्थविज्ञानातला आहे, त्याला ‘प्रावस्था’ म्हणतात. ‘विलगीकरण’ करोनापासून खोलीत एकट्या ठेवलेल्या रुग्णाला चिकटले आहे. शिवाय ‘-करण’ म्हटले की करणारा कोणीतरी आला, आणि इथे सगळे आपोआप घडते. ‘विभाजन’ म्हणावे तर पेशीविभाजनाशी घोटाळा होतो. ‘पृथक्करण’ म्हणजे तर आपल्याकडे घटक तपासणे.

आपोआप होणाऱ्या गोष्टींसाठी मराठीत ‘सुटणे’ आणि ‘धरणे’ ही सुरेख क्रियापदे आहेत. मसाला परतताना कडेने तेल सुटते. दुधावर साय धरते, जखमेवर खपली धरते, झाडाला फळ धरते. पेशीतली काही प्रथिने आणि आरएनए एका मर्यादेपलीकडे दाटले की एकमेकांना धरून वेगळे होतात आणि त्यांचे थेंब बनतात. भोवती पटल नसते. म्हणून मी म्हणेन, ‘थेंब धरणे’. ‘सुटणे’ इथे थोडे फसवे, कारण तेलात पाणी नसते. या थेंबांत मात्र पाणीही भरपूर असते, फक्त प्रथिने बाहेरच्यापेक्षा दाट असतात.

थेंबच का? आमटीवरचे तेलाचे दोन गोल चमच्याने जवळ आणून पाहा. ते टेकतात, क्षणभर लांबट होतात आणि पुन्हा एकच गोल बनतो. २००९ साली ड्रेस्डेनमध्ये क्लिफर्ड ब्रॅंगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म गोलकृमीच्या भ्रूणातले ‘पी-कण’ (प्रथिने आणि आरएनएचे पुंजके) असेच एकमेकांत मिसळताना आणि ओघळताना पाहिले. त्याआधी ते घट्ट कण मानले जात. ‘लाइक’चा भाव मात्र सोडू नका : ‘द्रवरूप’ नको, ‘द्रवसदृश’ हवे. यातले काही थेंब पुढे तूप थिजावे तसे थिजतात.

कर्करोगाशी संबंध येतो तो हे थेंब धरण्यात बिघाड झाल्यावर. ‘स्पॉप’ नावाचे प्रथिन इतर प्रथिनांना मोडीत काढायला पाठवते आणि ते काम थेंबांत चालते. प्रोस्टेटच्या कर्करोगात सापडणारी त्याची काही उत्परिवर्तने (जनुकातले बदल) थेंब धरूच देत नाहीत, असे २०१८ मध्ये दाखवले गेले. मग मोडीत जायला हवीत ती प्रथिने साठत जातात. रक्ताच्या काही कर्करोगांत उलटे घडते : दोन जनुके जोडली जाऊन बनलेले प्रथिन नको तिथे थेंब धरते आणि चुकीची जनुके चालू ठेवते.

औषधांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. २०२० मध्ये दिसले की सिस्प्लॅटिन हे कर्करोगावरचे जुने औषध ‘मेड-१’ प्रथिनाच्या थेंबांत जाऊन दाटते. स्तनांच्या कर्करोगावरच्या टॅमॉक्सिफेन या औषधाचेही तसेच, पण पेशीत मेड-१ फार वाढले की थेंब फुगतो आणि त्यातले औषध पातळ होते. औषध लागू न पडण्याचे हे एक कारण असू शकते. ‘पातळ होणे’ इथे अक्षरशः खरे आहे, भाषांतरात तेच ठेवा.

तांत्रिक नाव हवेच असेल तर एकदा ‘द्रवसदृश प्रावस्था-विलगन’ लिहा आणि पुढे थेंबच म्हणा. तुमचे वाक्य मी असे करीन : ‘पेशीतली काही प्रथिने, आमटीवर तेलाचे गोल जमावेत तसे, पटलाविनाच थेंब धरतात, हे थेंब बिघडले की पेशीचा ताबा सुटू शकतो.’