फारोला मिळालेले नाव

प्रश्न : बायबलमधील यिर्मया 46:17 मध्ये मिसराचा (इजिप्तचा) राजा फारो म्हणजे नुसता गलबला, त्याने वेळ दवडली, असे आहे. दोन भाषांतरे ताडून पाहिली. एकात ‘तेथे ते ओरडून म्हणाले’, तर दुसऱ्यात ‘फारोला हे नाव द्या’. खरे कोणते? आणि वेळ कोणती दवडली? रविवारी वीस मिनिटे बोलायचे आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : अक्षरे तीच आहेत, वाचन दोन आहेत. जुन्या हिब्रू लिखाणात स्वरचिन्हे नव्हती. तीच व्यंजने ‘शाम’ वाचली की ‘तेथे’, ‘शेम’ वाचली की ‘नाव’. प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘नाव’ आहे आणि आम्हालाही तेच पटते. लगेच 18व्या श्लोकात खरा राजा बोलतो, ‘ज्याचे नाव सेनाधीश परमेश्वर’. नावासमोर नाव ठेवले आहे. म्हणून 17वर थांबू नका. तिथे थांबले की अर्धा अर्थ गळतो.

‘शाओन’ म्हणजे कोलाहल. स्तोत्र 65:7 मध्ये समुद्राच्या गर्जनेला हाच शब्द आहे. ‘मोएद’ म्हणजे नेमलेली वेळ. यिर्मया 8:7 मध्ये आकाशातला करकोचासुद्धा आपला ‘मोएद’ ओळखतो. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पेरणाऱ्यांना ‘वाफसा’ म्हटले की हे लगेच कळेल: वाफसा गेला की बी, बैल, माणसे सगळे असून उपयोग नाही.

श्लोकात फारोचे नाव नाही. ग्रीक प्रतीत नखो या फारोचे नाव आहे, पण प्रसंग नंतरच्या फारो हफ्राशी (इ. स. पू. 589–570) जास्त जुळतो. यरुशलेमला वेढा पडलेला असताना त्याचे सैन्य मिसरातून निघाले, ते ऐकून खास्दी (म्हणजे बाबेलचे सैन्य) वेढा उठवून गेले. मग मिसरी माघारी फिरले, खास्दी परतले आणि नगर पडले. दवडलेली वेळ ती हीच. पहिली पाच मिनिटे 37:5-11 वाचण्यालाच द्या, नाहीतर 46:17 अधांतरी राहते.

एक चूक फार होते. 46:2-12 हे नखोच्या, इ. स. पू. 605 मधल्या कर्कमीशच्या पराभवाविषयी आहे. 13पासून बाबेलचा राजा नबुखद्रेस्सर मिसरावर चालून येण्याचे वेगळे वचन सुरू होते. दोन्ही एका लढाईत कोंबू नका.

बढाईचा दाखला हवा असेल, तर यहेज्केल 29:3 घ्या. तिथे फारो म्हणतो, नदी माझी, मीच ती केली. त्याच अध्यायात, 6-7 श्लोकांत, तो धरणाऱ्याचा खांदा फाडणारी बोरूची काठी ठरतो.