पांगोटच्या बुरांशावरील तुरेवाला पक्षी: मिशीवाला युहिना

आपण मार्च महिन्यात नैनितालजवळील पांगोट येथे टिपलेल्या पक्ष्याविषयी तीन गोष्टी विचारल्या आहेत: चिमणीहूनही लहान असा हा तपकिरी तुऱ्याचा पक्षी कोणता, त्याच्या कपाळावरील फिकट पिवळसर डाग ही वेगळ्या जातीची खूण मानावी का, आणि एका पुस्तकात तो सातभाईंच्या कुळात तर दुसऱ्यात चष्मेवाला या लहान, हिरवट पक्ष्यांच्या कुळात का दिलेला आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिशीवाला युहिना, म्हणजे शास्त्रीय नावाने युहिना फ्लॅविकॉलिस, असे आहे. हिमालयात फिरणाऱ्या आपल्याकडील बहुतेकांची नजर प्रथम तुऱ्यावर जाते आणि तिथेच अडकते; प्रत्यक्षात त्या पट्ट्यात तुरा असणारे पक्षी इतके आहेत की केवळ त्यावरून ओळख पटणे कठीण असते. हिमालयी बुलबुललाही पुढे झुकलेला तुरा असतो, परंतु तो जवळजवळ वीस सेंटिमीटर लांबीचा असून त्याचे गाल पांढरे आणि शेपटीखालचा भाग पिवळा असतो. टिट या लहान, चपळ पक्ष्यांपैकी काहींना टोकदार काळा तुरा असतो, पण त्यांच्या अंगावरील काळा, पिवळा किंवा पांढरा रंग ठसठशीत असतो. आपल्या छायाचित्रातील पक्षी सुमारे तेरा सेंटिमीटरचा दिसतो. तुऱ्याखाली पाहिल्यास चोचीच्या मुळापासून गळ्याच्या कडेने उतरणारी काळी मिशी, डोळ्याभोवती पांढरे कडे, मानेमागे पिवळसर पट्टा आणि कुशीवर तपकिरी पार्श्वभूमीवरील पांढऱ्या रेघा, अशा चारही खुणा त्यात आहेत. मानेचा पट्टा आपल्याला पुस्तकातील चित्रापेक्षा फिका वाटला असेल तर त्याने गोंधळून जाऊ नये, कारण पश्चिम हिमालयातील पक्ष्यांत तो फिकाच असतो.

याच भागात अधिक उंचीवर गेल्यास रेघाळ गळ्याचा युहिना भेटू शकतो. तो आकाराने किंचित मोठा असतो, त्याचा तुरा जास्त उंच असतो, गळ्यावर बारीक गडद रेघा असतात आणि मिटलेल्या पंखावर काळ्या रंगालगत नारिंगी पट्टी दिसते. तांबूस बुडाचा युहिना पाहायचा असेल तर मात्र पूर्वेकडे, सिक्कीम-दार्जिलिंगच्या बाजूला किंवा अरुणाचलातील ईगलनेस्टसारख्या जंगलात जावे लागेल. त्याचा तुरा पुढून राखाडी आणि मागून तांबूस असतो.

कपाळावरील डाग हे परागकण आहेत, आणि मला आपल्या छायाचित्रातील हीच बाब सर्वांत मोलाची वाटते. मार्चमध्ये कुमाऊंच्या बांजवनात, म्हणजे ओकच्या जंगलात, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉनचे झाड) फुललेला असतो. त्याच्या तांबड्या, घंटेसारख्या फुलाच्या तळाशी मकरंदाच्या लहान पिशव्या असतात, आणि तिथवर पोहोचण्यासाठी पक्ष्याला डोके फुलात खुपसावे लागते. बुरांशाच्या परागकोशातील पराग सुटा उधळत नाही. तो परागकोशाच्या टोकावरील छिद्रांतून चिकट धाग्यांनी एकमेकांना जोडलेल्या स्थितीत बाहेर ओढला जातो, आणि म्हणून पिसांवर एकदा लागला की सहजी झडत नाही. त्यामुळे बहराच्या काळात कपाळ आणि तुऱ्याचा पुढचा भाग माखलेले युहिना नेहमी दिसतात, आणि हौशी छायाचित्रकार त्यांना वेगळी जात समजून बसतात. पक्षी मात्र केवळ मकरंदावर जगत नाही. किडे आणि लहान फळे हाही त्याचा आहार आहे, आणि विणीचा हंगाम सोडल्यास तो टिट, वटवटे व इतर लहान पक्ष्यांच्या मिश्र थव्यांतून झाडाच्या मधल्या आणि वरच्या फांद्यांवर सतत हिंडत असतो.

तिसरा प्रश्न आपल्या दोन पुस्तकांच्या वयाचा आहे. ब्रायन हॉजसन हे काठमांडूत ब्रिटिश प्रतिनिधी असताना त्यांनी 1836 साली युहिना ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, शास्त्रीयदृष्ट्या मांडली, आणि पुढे दीर्घकाळ तिला सातभाईंच्या कुळात ठेवले गेले. ते कूळ म्हणजे खरे तर आशियातील अनेक अवघड पक्षी टाकून ठेवण्याची अडगळीची खोली झाली होती. 2000 नंतरच्या दशकात डीएनएच्या अभ्यासांतून दिसून आले की युहिना हे चष्मेवाल्यांचे निकटचे नातलग आहेत, आणि आता ते त्याच कुळात मोजले जातात. महाबळेश्वरला किंवा आपल्या परसातल्या जास्वंदीवर थव्याने येणारा हिरवट-पिवळा चष्मेवाला आणि पांगोटचा हा मिशीवाला, दोघांच्याही डोळ्याभोवती पांढरे कडे आहे आणि दोघेही फुलांवर तुटून पडतात, हे पाहिल्यावर मला तरी ही नवी मांडणी जुनीपेक्षा अधिक पटते; अर्थात केवळ दिसण्यावरून नाते ठरवणे धोक्याचे असते. त्याचे उत्तम उदाहरण युहिनांच्याच यादीत होते: पांढऱ्या पोटाचा, हिरव्या पाठीचा आणि तुरा असलेला एक पक्षी अनेक वर्षे युहिना म्हणूनच नोंदला जात असे, पण त्याचे नाते निघाले थेट अमेरिका खंडांतील व्हिरिओ पक्ष्यांशी. आज तो एर्पोर्निस या स्वतंत्र प्रजातीत आहे.

या गटात वाचण्यासारखे आणखी काही शोधत असाल, तर तैवानच्या डोंगरी जंगलांत आणि फक्त तिथेच आढळणारा तैवान युहिना जरूर अभ्यासावा. त्याच्या काही जोड्या गटाने राहतात, गटातील माद्या एकाच घरट्यात अंडी घालतात आणि पिलांचे संगोपन सारे मिळून करतात, तरीही गटात वरचढ कोण हे ठरलेले असते. वाटीसारख्या एकाच घरट्यातील ही भागीदारी आणि स्पर्धा संशोधकांनी बारकाईने तपासली आहे.

सह्याद्रीत युहिना आढळत नाही. त्यामुळे आंबोली किंवा भीमाशंकरला तुऱ्याचा लहान पक्षी दिसल्यास आधी शिपाई बुलबुल आणि भारतीय पिवळा टिट हे दोन पर्याय तपासून पाहावेत. पांगोटची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करताना छायाचित्रासोबत उंची आणि फुलाचे नाव अवश्य लिहावे, आणि शक्य असल्यास मानेचा पट्टा दिसेल असे मागून घेतलेले चित्रही जोडावे.