जुने कॅल्क्युलेटर : तुमचे प्रश्न

प्रश्न : १९७६चा एचपी-२७ (ह्युलेट-पॅकार्डचा कॅल्क्युलेटर) मिळाला आहे. चार्जर आहे, पण बॅटरी पॅक पूर्ण मेलेला. पॅक काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहू का?

उत्तर : अजिबात नको. या मालिकेत (एचपी-२१, २२, २५ याच घराण्यातले) चार्जरकडून येणारे व्होल्टेज आटोक्यात ठेवण्याचे काम बॅटरीच करते. ती नसेल, तर वाढीव व्होल्टेज थेट आतल्या चिपांवर जाते आणि त्या जळतात. पॅक जागेवर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. संपर्कपट्ट्यांवर गंज असेल तर बॅटरी नसल्यासारखेच होते.

पॅकमध्ये एए आकाराचे दोन निकेल-कॅडमियम सेल एकसर (सिरीजमध्ये) जोडलेले असतात, म्हणजे एकूण २.४ व्होल्ट. सेल काढण्याआधी धन-ऋण टोकांचा फोटो काढून ठेवा. पट्ट्यांवरची पांढरी-हिरवट पूड अल्कधर्मी असते, त्यामुळे कापसाच्या काडीवर थोडे व्हिनेगर घेऊन ती पुसा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. सँडपेपर टाळा, मुलामा निघून जातो. नवे निकेल-मेटल-हायड्राइड सेल बसवा. सेलचे धन टोक जास्त उंच असले तर पॅकचे झाकण नीट बसत नाही, म्हणून जुन्या सेलची लांबी मोजूनच नवे घ्या. सेलला थेट डाग देऊ (सोल्डर करू) नका, उष्णतेने आतले सील खराब होते.

चार्जिंग बाहेर, स्वतंत्र चार्जरवर करा. मूळ चार्जर सेल भरल्यावर आपोआप थांबत नाही, शिवाय वरचा धोका कायम राहतो. तो सरळ कपाटात ठेवून द्यावा हे बरे. साइन, लॉग, सांख्यिकी आणि चक्रवाढ व्याज एकाच यंत्रात देणारा हा कॅल्क्युलेटर प्रोग्रॅमिंगशिवायही जपण्यासारखा आहे.

प्रश्न : एचपी-१२सी या आर्थिक हिशेबांच्या कॅल्क्युलेटरवर १,००,००० मुद्दल, दरमहा १ टक्का, १२ हप्ते टाकले. हप्ता ८,७९६.९१ येतो, तक्त्यात मात्र ८,८८४.८८ आहे.

उत्तर : पडद्यावर बिगिन दिसते का पाहा. हप्ता महिन्याच्या सुरुवातीला धरला जातोय, म्हणून १.०१ने भागलेले उत्तर येते. जी आणि ८ या कळा दाबल्या की हप्ता महिनाअखेरीस धरला जातो. मग एफ आणि क्लिअर फिन दाबून जुन्या नोंदी पुसा, १२ एन (हप्त्यांची संख्या), १ आय (दरमहा व्याजदर), १००००० पीव्ही (मुद्दल), आणि शेवटी पीएमटी (हप्ता). उत्तर उणे येईल. पैसे आले ते अधिक, गेले ते उणे, हा हिशेब यंत्र काटेकोर पाळते.

प्रश्न : त्याच कर्जाला ९,०००चा हप्ता धरून एन काढला तर बरोबर १२ येतात. सूत्राने ११.८४ येतात.

उत्तर : सूत्र बरोबर आहे. १२सी एनचे उत्तर वरच्या पूर्णांकावर नेतो. ९००० सीएचएस (चिन्ह बदलणारी कळ) पीएमटी, ० एफव्ही (शेवटी उरणारी रक्कम), मग एन. आता पुन्हा एफव्ही दाबा : १,४६०.०२ दिसेल. एवढी रक्कम बारा पूर्ण हप्त्यांत जास्त जाते. लगेच आरसीएल (साठवलेला आकडा परत आणणारी कळ) पीएमटी आणि अधिक दाबले की शेवटचा हप्ता मिळतो, ७,५३९.९८ (उणे चिन्हासह). पीएमटी टाकताना सीएचएस विसरलात तर एरर ५ येईल.