वाढणारी प्रत्येक पेशी विभागतेच असे नाही

प्रश्न : कांद्याच्या मुळांची काचपट्टी करून दहावीच्या मुलांना सूत्री विभाजन (एका पेशीच्या दोन सारख्या पेशी होणे) दाखवण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला सगळ्या पेशी लांबट, विटांसारख्या होत्या, त्यांतली एकही विभागत नव्हती. दुसऱ्या खेपेला शंभरात जेमतेम पाच-सात सापडल्या. आमचे कुठे चुकते? शिवाय एका मुलाने विचारले की, बोंडातला कापूस एवढा लांब होतो, तर त्याच्या पेशी किती वेळा विभागत असतील?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : दुसऱ्या खेपेला आपले काहीच चुकलेले नाही, पहिल्या खेपेला मात्र मूळ बहुधा फार वरून कापले गेले. मुळाच्या वाढीतले विभाजन टोकावरच्या संरक्षक टोपीच्या मागे, टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर भागातच चालते. त्याच्या वर गेलेल्या पेशी विभागणे थांबवून पाणी ओढून घेतात आणि लांबतात, त्याच आपल्याला विटांसारख्या दिसल्या. टोकाचा तेवढाच तुकडा घ्यावा, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात कोमट करून पेशींना जोडणारा चिकट थर सैल करावा, मग रंग देऊन काच जराही न सरकवता अंगठ्याने सरळ खाली दाबावे. (काच सरकली की पेशी चिरडतात आणि सकाळची सगळी मेहनत वाया जाते.)

शंभरात पाच-सातच का, याचे उत्तर वेळेत आहे. टोकातल्या पेशी एकाच ठेक्यावर विभागत नाहीत, त्यामुळे ज्या अवस्थेला अधिक वेळ लागतो त्या अवस्थेतल्या पेशी काचपट्टीवर अधिक दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशीचे चक्र साधारण 24 तासांचे असते आणि त्यातला जेमतेम एक तास प्रत्यक्ष विभाजनाचा. उरलेल्या काळाला इंटरफेज म्हणतात. तेव्हा केंद्रक नुसते रंगलेले, गप्प दिसते. पण डीएनएची नक्कल होऊन कांद्याची 16 गुणसूत्रे याच काळात दुहेरी होतात. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंग यांनी 1882 मध्ये या विभाजनाला ‘मायटोसिस’ हे नाव दिले, तेव्हा त्यांना धाग्यांची हालचाल दिसली होती, ही नक्कल नव्हे. ती नेमकी कधी होते हे 1953 मध्ये अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी बाकल्याच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवले : इंटरफेजच्या ठरावीक भागात, आधी आणि नंतर मोकळा काळ सोडून. म्हणून मुलांना उरलेल्या नव्वद-पंचाण्णव पेशीही दाखवाव्यात. पाठ्यपुस्तकातली विभाजनाच्या चार अवस्थांची देखणी रांग त्यांच्यावर अन्यायच करते.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर : एकदाही नाही. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या बाहेरच्या सालीतली एकच पेशी. पऱ्हाटीचे फूल उमलते त्याच सुमारास ती सालीबाहेर डोकावते आणि पुढे साधारण तीन आठवडे, एकदाही न विभागता, नुसती लांबत राहते. नंतर आतून सेल्युलोजचे थर चढून तिची भिंत जाड होते. कांद्याच्या मुळात आपल्याला दिसलेल्या लांबट पेशींचीच ही अतिरेकी तऱ्हा. वर्गात एक न रेचलेली (कापूस न काढलेली) सरकी आणून तिचे तंतू बारीक कंगव्याने चहूबाजूंनी विंचरावेत आणि एक तंतू उपटून फूटपट्टीवर ठेवावा : तीन सेंटिमीटरच्या आसपासची एक अखंड पेशी मुलांना सूक्ष्मदर्शकाशिवाय मोजता येईल.