वाचकांचे प्रश्न : बोअरचे पाणी, नळाचे पाणी आणि न शिजणारी डाळ

प्रश्न : जळगावच्या पिंप्राळा भागातील एका वसाहतीत आम्ही राहतो. महापालिकेचा नळ आणि वसाहतीची बोअर अशी दोन्ही सोय आहे. काही दिवस पाणी उत्तम असते. काही दिवस मात्र साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या भांड्यांवर पांढरे डाग पडतात आणि चार-पाच शिट्ट्या होऊनही तूरडाळ अख्खीच राहते. सर्व इमारतींसाठी मिळून मोठे आरओ संयंत्र बसवावे असा आग्रह चालू आहे. घरातील ज्येष्ठांना मुतखड्याची धास्ती आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : पाणी रोज सारखे नसते, हे आपण कळवले ते बरे झाले, कारण दोषाचा माग त्यातूनच लागतो. जळगाव शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते. धरणात साठते ते मुख्यतः पावसाचे वाहून आलेले पाणी असल्यामुळे त्याचा खडकाशी संबंध तुलनेने थोडा काळ येतो. बोअरचे पाणी मात्र काळ्या बेसॉल्टच्या भेगांमध्ये दीर्घकाळ मुरलेले असते. मातीतील कार्बन डायऑक्साइडमुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि वाटेतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून सोबत आणते. अशा पाण्याला जड किंवा कठीण पाणी म्हणतात. ज्या दिवशी नळाला पाणी नसते त्या दिवशी जमिनीखालच्या टाकीत बोअर सोडण्याची पद्धत अनेक वसाहतींत आहे. आपल्याकडेही तसेच होत असावे. टाकी भरणाऱ्या माणसाला विचारून दोन आठवडे नोंद ठेवावी आणि डाळ न शिजलेले दिवस त्या नोंदीशी ताडून पाहावेत.

घरच्या घरी पडताळणीही करता येते. तीन सारख्या बाटल्या अर्ध्या भराव्यात : एकीत नळाचे, दुसरीत बोअरचे आणि तिसरीत बॅटरीत घालण्यासाठी मिळते ते डिस्टिल्ड पाणी. प्रत्येकीत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवावे. जड पाण्यात फेसाऐवजी दह्यासारखा साका वर येईल. यासाठी भांड्यांचे लिक्विड किंवा शाम्पू वापरू नये, कारण त्यांना जड पाण्यातही बऱ्यापैकी फेस येतो आणि निष्कर्ष चुकतो.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) आहे. त्यानुसार एकूण कठीणपणा, म्हणजे या कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतो. कठीणपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणास्तव कोणतीही मर्यादा घातलेली नाही. मुतखडा पाण्यातील क्षारांमुळेच होतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसलेली असली तरी तिला भक्कम आधार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे जाणाऱ्या आपल्या भागात पाणी कमी पिणे हेच मुतखड्याचे अधिक मोठे कारण आहे. ज्यांना तो आधीच झालेला आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे.

आता आरओविषयी. विक्रेते पुष्कळदा पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडतात आणि काही क्षणांत पाणी तपकिरी झालेले दाखवतात. तो गाळ आपल्या पाण्यातला नसून त्यातील लोखंडी सळी झिजल्याने तयार झालेला असतो. क्षारयुक्त पाण्यातून वीज वाहते म्हणून सळी झिजते आणि आरओच्या पाण्यातून ती फारशी वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहते. या खेळावर लाखोंचा खर्च ठरवू नये. शिवाय आरओमध्ये बरेच पाणी वाया जाते, आणि अंघोळ, धुणी व संडासासाठी तशा पाण्याची गरजच नसते.

माझ्या मते पहिला खर्च नळकामाचा असावा : नळाच्या पाण्याची टाकी वेगळी, बोअरची वेगळी, आणि स्वयंपाकघरात फक्त नळाच्या टाकीची जोडणी. इतर वापरासाठी बोअरच्या पाइपवर सॉफ्टनर, म्हणजे पाणी मऊ करणारे यंत्र, बसवता येते. त्यातील रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात व बदल्यात सोडियम सोडतात. म्हणूनच त्याला अधूनमधून मिठाचे पाणी द्यावे लागते. १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ६०० मिलिग्रॅम कठीणपणाचे पाणी असे मऊ करून दिवसाला तीन लिटर प्यायले, तर सुमारे दोन ग्रॅम मिठात असते तेवढे सोडियम जास्तीचे पोटात जाते. रक्तदाब असलेल्यांच्या दृष्टीने हे थोडे नव्हे, तेव्हा सॉफ्टनरचे पाणी पिण्याकडे वळवू नये.

राहिली डाळ. पाण्यातील कॅल्शियम डाळीच्या पेशीभित्तिकेतील पेक्टिनला घट्ट बांधून ठेवते, त्यामुळे दाणा फुटत नाही. वरण-बट्टीचा बेत असेल त्या दिवशी बोअरचे पाणी आधी उकळून, निववून, तळाचा पांढरा साका न हलवता वरचे पाणी घ्यावे. त्याने बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा बराच उतरतो. सल्फेट आणि क्लोराइडचा मात्र उकळून जात नाही. खाण्याचा सोडा टाकला की डाळ शिजते खरी, पण ब-१ जीवनसत्त्व नष्ट होते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, कठीणपणा जात नाही.

प्रश्न : आमच्या गावाबाहेर नवीन प्लॉट पडले आहेत. ड्रेनेज नाही, प्रत्येक घराला शोषखड्डा आहे, आणि सर्वजण आपापल्या बोअरचे पाणी पितात. टीडीएस मीटर ४५० दाखवतो, म्हणजे पाणी चांगलेच ना? (रावेर तालुका)

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. हा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजून एकूण क्षारांचा अंदाज देतो. त्यात जंतू किती, नायट्रेट किती, हे त्याला कळत नाही. पहिल्या पत्रातील पांढऱ्या डागांपेक्षा मला आपल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याची काळजी अधिक वाटते. शोषखड्ड्यांतून झिरपणारे सांडपाणी आणि केळीच्या बागांना दिलेला युरिया यांमुळे भूजलात नायट्रेट वाढू शकते. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिच्यात कोणतीही सवलत नाही. सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. येथे पिण्यापुरता घरगुती आरओ बसवणे योग्य ठरू शकते. पण आधी तपासणी करावी.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. रासायनिक तपासणीसाठी त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळलेली स्वच्छ बाटली चालते. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच घ्यावी, ती विसळू नये, मोटार काही मिनिटे चालवून मग भरावी आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावी. नमुना पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा द्यावा, कारण दोन्ही वेळचे आकडे पुष्कळदा वेगळे निघतात.

प्रश्न : नळ आल्यावर पहिले पाणी दुधासारखे पांढरे दिसते. ही टीसीएल पावडर (पाणी निर्जंतुक करण्याची ब्लीचिंग पावडर) जास्त झाल्याची खूण आहे का? (देवपूर, धुळे)

उत्तर : काचेच्या पेल्यात पाणी घेऊन दोन मिनिटे पाहावे. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ते रिकाम्या पाइपात अडकलेल्या हवेचे बुडबुडे आहेत आणि त्यांचा त्रास नाही. पांढरे कण तळाशी बसले तर तो गाळ किंवा क्षार आहे. मात्र सुरुवातीच्या पाण्याला गटाराचा वास येत असेल, तर ते भरू नये व तत्काळ तक्रार द्यावी. नळाला थेट मोटार जोडलेली घरे गल्लीत असतील, तर त्या ओढीने पाइपातील दाब उणा होऊन गळक्या सांध्यांतून बाहेरचे घाण पाणी आत खेचले जाते. असा संशय असल्यास पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे.